जर्मन बास्केटबॉलचं घर कुठलं? अल्बा बर्लिनबद्दल

स्प्रेकाठी

१० सप्टेंबर २०२३ ला मनिलात जर्मनीने सर्बियाला ८३-७७ असं हरवून बास्केटबॉलचा विश्वचषक जिंकला. त्या दिवशी आपल्याकडे सगळ्यांचे डोळे कोलंबोच्या आभाळाकडे लागले होते, भारत-पाकिस्तान सामना पावसात अडकला होता. त्यामुळे इथे त्या विजयाबद्दल कुणी काही लिहिलं नाही. मला मात्र तो सामना अजून आठवतो, आणि तो सर्बियाच्या बाकावरच्या ७४ वर्षांच्या प्रशिक्षकामुळे. श्वेतिस्लाव पेशिच. १९९३ साली म्युनिकमध्ये रशियाला ७१-७० ने हरवून जर्मनी पहिल्यांदा युरोपविजेता झाला, तेव्हा जर्मनीचे प्रशिक्षक हेच होते. तीस वर्षांनी तेच समोरच्या बाजूला!

१९९३ च्या त्या विजयानंतर पेशिच बर्लिनला गेले आणि सात वर्षं तिथेच राहिले. क्लबचं नाव अल्बा बर्लिन. जर्मन बास्केटबॉलचा इतिहास एकाच क्लबातून सांगायचा असेल तर तो अल्बातून सांगावा, असं माझं ठाम मत आहे.

थोडक्यात पार्श्वभूमी. पश्चिम बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात एक बास्केटबॉल क्लब होता. भिंत पडली, देश एक झाला आणि १९९१ मध्ये अल्बा नावाच्या बर्लिनच्याच कचरा-व्यवस्थापन कंपनीने या क्लबाला हात दिला. तेव्हापासून नाव अल्बा बर्लिन. १९९५ मध्ये कोराच कप जिंकून हा क्लब युरोपीय करंडक उचलणारा पहिला जर्मन पुरुष संघ ठरला. १९९७ ते २००३ सलग सात वेळा बुंडेसलीगाचं, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगचं, अजिंक्यपद, मग २००८, मग २०२०, २०२१, २०२२. एकूण अकरा.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती भूगोलाची गोष्ट. पूर्व जर्मनीने १९६९ मध्ये खेळांची वर्गवारी केली. जिथे थोड्या खर्चात जास्त ऑलिंपिक पदकं मिळतात ते खेळ पोसायचे, बाकीच्यांचा पैसा बंद. बास्केटबॉल या 'बाकीच्यां'त गेला. बारा माणसं सांभाळून पदक मिळणार एकच, हा हिशेब. म्हणजे भिंत पडली तेव्हा शहराच्या पूर्व अर्ध्या भागात या खेळाला जवळजवळ वीस वर्षं सरकारी पाठबळ नव्हतं. आणि १९९६ च्या शेवटी अल्बाने आपलं घर हलवलं ते नेमकं पूर्वेकडे, प्रेन्झलाउअर बर्गच्या नव्या माक्स श्मेलिंग हॉलमध्ये. बर्लिनला २००० चं ऑलिंपिक हवं होतं, त्या तयारीत मुष्टियुद्धासाठी हा हॉल आखलेला. ऑलिंपिक सिडनीला गेलं, हॉल बास्केटबॉलच्या पदरात पडला. शेजारी माउअरपार्क आहे, जिथून पूर्वी भिंत जायची. याच प्रेन्झलाउअर बर्गमध्ये पुढे मोरित्झ आणि फ्रान्झ वाग्नर हे दोन भाऊ वाढले आणि अल्बाच्या मुलांच्या संघांतून खेळले. मनिलात दोघंही विश्वविजेत्या संघात होते.

तुमचं मत काय? दुसऱ्या एखाद्या क्लबाचा दावा असेल तर जरूर मांडा.

कट्टेकरी

वाचतोय. कचऱ्याच्या कंपनीचं नाव लावून क्लब अकरा वेळा विजेता होतो, हे वाचून आमच्या प्रभागातल्या घंटागाडीकडे आदराने बघणार आहे. :)

एक शंका. कंपनीचं नाव म्हणजे उद्या कंपनीचा मूड गेला की क्लब गेला, असं नाही का होत?

ऱ्हाइनवरून

कट्टेकरी, तसंच होतं, आणि त्याचं उदाहरण मी राहतो तिथून जवळच आहे. स्प्रेकाठी, तुमचा धागा छान आहे, पण सलग सात विजेतेपदं सांगताना त्याआधीची सलग सात राहिली! १९९० ते १९९६ लेव्हरकुसेन. म्हणजे १४ वर्षं जर्मनीत विजेते फक्त दोनच क्लब, सात-सात वाटून घेतलेले. आणि लेव्हरकुसेनची एकूण विजेतेपदं १४. हा विक्रम आजही अल्बाला मोडता आलेला नाही.

डिर्क बाउअरमान प्रशिक्षक, आणि क्रिस वेल्प! १९९३ च्या ज्या ७१-७० चा तुम्ही उल्लेख केलात, तो शेवटचा बास्केट आणि त्यानंतरचा निर्णायक फ्री थ्रो वेल्पचाच. तो बर्लिनचा नव्हता, लेव्हरकुसेनचा होता. युरोपविजेत्या संघाचा पाया कुठे होता ते यावरून बघा.

आता कंपनीबद्दल. लेव्हरकुसेनचा क्लब बायर या औषध-रसायन कंपनीचा. २००८ मध्ये बायरने व्यावसायिक बास्केटबॉलचा पैसा थांबवला. पहिल्या श्रेणीचा परवाना ड्युसेलडॉर्फला गेला आणि १४ वेळचा विजेता क्लब खालच्या श्रेणीत. वाईट वाटतं. आजही त्या गावातली मुलं 'जायंट्स' नावाने खेळतात, पण ते दिवस परत आले नाहीत.

स्प्रेकाठी

ऱ्हाइनवरून, वेल्पबद्दल दुमत नाही, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच होता. पण तुमच्याच प्रतिसादात माझा मुद्दा आहे. जर्मनीत पुरस्कर्ता बदलला की क्लबचं नाव बदलतं. बाम्बर्गची नावं मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत, ब्राउनश्वाइगचं तेच. अल्बा मात्र १९९१ पासून अल्बाच. कंपनी टिकली, नाव टिकलं, आणि मार्को बाल्दीसारखा माणूस सुरुवातीपासून कारभारात राहिला. प्रशिक्षक बदलतात, खेळाडू तर दर उन्हाळ्यात बदलतात. कारभार पाहणारा माणूस तीस वर्षं तोच असला की क्लबला पुढच्या दहा वर्षांचा विचार करता येतो.

जुना सेंटर

कोराच कपचा उल्लेख एका ओळीत उरकलात, हे काही बरोबर नाही. मी त्या काळी पुण्यात खेळायचो. परदेशी निकाल कळायला मासिकांची वाट बघावी लागे, त्यामुळे जे कळलं ते डोक्यात कोरलं गेलं.

अंतिम फेरी दोन सामन्यांची, बेरीज करून विजेता ठरवायचा. म्हणून पहिला सामना बरोबरीत सुटू शकत होता, आणि सुटला. मिलानमध्ये ८७-८७. बास्केटबॉलमध्ये बरोबरीचा निकाल म्हटल्यावर आमच्या पोरांना पटायचं नाही! परतीचा सामना बर्लिनच्या डॉइचलांडहालेत, ८५-७९ अल्बा. समोर स्टेफानेल मिलान, त्यात बोदिरोगा, फुचका, जेंटिले. बोदिरोगा पुढे युरोपातला थोर खेळाडू झाला. अल्बाकडे तेओमान अलिबेगोविच, साशा ओब्रादोविच, आणि जर्मनीचे र्योडल, बेन्के, बेक. हे तिघंही १९९३ च्या युरोपविजेत्या संघातले.

आणि यातली खरी मजा ऐका. मिलानचे प्रशिक्षक बोग्दान तान्येविच. १९७९ मध्ये सारायेवोच्या बोस्ना संघाने युरोपियन चषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तान्येविच आणि त्या संघातला एक खेळाडू पेशिच. म्हणजे १९९५ मध्ये शिष्याने गुरूला हरवलं. आणि कधी, तर सारायेवोला वेढा पडलेला होता तेव्हा. दोघांचं जुनं मैदान ज्या शहरात, तिथे लोक पाण्यासाठी रांगेत उभे राहून गोळ्या खात होते. मला त्या सामन्याचा आनंद आणि ती बातमी वेगळी करता येत नाही.

ओब्रादोविच पुढे अल्बाचाच प्रशिक्षक झाला. ती इमारत, १९३६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली डॉइचलांडहाले, २०११ मध्ये पाडली.

रिबाउंड

जुना सेंटर काका, __/\__

असे प्रतिसाद आले की धागा वाचण्याचं सार्थक होतं. बोदिरोगाची पुढची गोष्ट मी पूर्ण करतो. २००३ मध्ये बार्सिलोनाने पहिल्यांदा युरोलीग, म्हणजे युरोपातली क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली, खेळाडू बोदिरोगा आणि प्रशिक्षक पेशिच. ज्याच्याविरुद्ध जिंकले त्यालाच बरोबर घेऊन जिंकले.

आकडेमोड

मी असहमत. एका क्लबाला श्रेय देणं सोपं असतं, पण जर्मन संघ उभा राहिला तो नियमामुळे.

डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाचा बोसमान निकाल आला. युरोपीय खेळाडूंवरच्या मर्यादा गेल्या, मग इतर परदेशी खेळाडूंवरच्याही सैल झाल्या. २००० नंतरच्या काही वर्षांत बुंडेसलीगात जर्मन पोरं बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. यात अल्बाही आला. मग लीगने टप्प्याटप्प्याने अट घातली. आज बारा जणांच्या यादीत किमान सहा जर्मन लागतात. २००६ मध्ये १९ वर्षांखालच्या मुलांची देशव्यापी लीग सुरू झाली, २००९ मध्ये १६ वर्षांखालच्यांची. क्लबांना परवाना हवा तर मुलांचे संघ आणि पगारी प्रशिक्षक ठेवणं भाग पडलं.

२०२३ चा संघच घ्या. श्रोडर ब्राउनश्वाइगचा. थाइस झाल्झगिटरचा, ब्राउनश्वाइग-उल्म-बाम्बर्ग करत वर आला. बोंगा फ्रांकफुर्टकडून खेळत मोठा झाला. माओदो लो जन्माने बर्लिनचा, पण शिकला अमेरिकेत आणि व्यावसायिक सुरुवात बाम्बर्गला, अल्बात तो २०२० मध्ये आला. अल्बाच्या मुलांमधून आलेले म्हणजे वाग्नर बंधू आणि निल्स गिफी. तिघं कमी नाहीत, पण बाराच्या बारा कुणा एकाचे नाहीत. याला सरळ धोरण म्हणायचं.

स्प्रेकाठी

आकडेमोड, मुद्दा वजनदार आहे. पण नियम कागदावर सगळ्यांना सारखाच होता. सहा जर्मनांची अट पाळायला पैसेवाला क्लब दुसऱ्याने घडवलेला जर्मन विकत आणू शकतो, आणि आणतोच. अल्बाने हेनिंग हार्निशला मुलांच्या कामावर बसवलं. हार्निश म्हणजे १९९३ च्या संघातला, लेव्हरकुसेनकडून अनेकदा विजेता झालेला, लांब केस उडवत डंक करणारा लोकांचा लाडका. (ऱ्हाइनवरून, हा तुमच्याकडूनच आला!) त्याने 'अल्बा शाळा चालवतो' अशा अर्थाच्या नावाचा उपक्रम उभा केला. प्रशिक्षक शाळेत जाणार, बालवाडीत जाणार. पोरं क्लबच्या दारात यायची वाट बघत बसायचं नाही.

पोळी आणि ब्रोट

यावर मी लिहू शकते, कारण माझी मुलगी याच उपक्रमातून खेळायला लागली. आम्ही बर्लिनमध्येच असतो.

तिच्या प्राथमिक शाळेत दुपारी अल्बाचा एक प्रशिक्षक यायचा. शाळेचा नेहमीचा हॉल, लाकडी जमीन, भिंतीला चढायच्या शिड्या, कोपऱ्यात जाड गाद्यांची चळत. बास्केटची उंची मोठ्यांसारखी ३.०५ मीटर नाही, २.६० मीटर. चेंडूही लहान. पहिले कित्येक आठवडे तर बास्केटमध्ये टाकणं नव्हतंच, पकडापकडी, एका पायावर थांबणं, चेंडू हातात घेऊन धावताना समोरच्याला चुकवणं. मी विचारलं, नेम कधी शिकवणार? तर तो म्हणाला, आधी पडायला आणि थांबायला शिकू दे. माझ्या पोरीला तोवर जर्मन नीट येत नव्हतं. तिकडे भाषेवाचून काही अडलं नाही, आणि बाकीच्या मुलांशी बोलायची भीती तिथेच गेली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्यानंतर काही दिवसांतच क्लबने यूट्यूबवर रोजचा खेळाचा तास सुरू केला. बालवाडीचा वेगळा, प्राथमिकचा वेगळा, मोठ्या मुलांचा वेगळा. घरात जे असेल ते घ्यायचं, मोज्यांचा गोळा, उशी, खुर्ची. सकाळी आमच्या दिवाणखान्यात लेक उड्या मारायची, खालच्या मजल्यावरच्या आजीही त्या वेळी तक्रार करत नव्हत्या, कारण त्यांची नात वरच्या खोलीत तेच करत होती. देशभरातल्या मुलांनी ते बघितलं. त्या दिवसांत ज्या घरात लहान मूल होतं, तिथे या क्लबाचं नाव आदराने घेतलं जातं. मला विजेतेपदांची यादी पाठ नाही, पण हे कधी विसरणार नाही.

आणि एक सांगायचं राहिलं: महिलांचा संघ! २०२४ मध्ये अल्बाच्या महिलांनी बुंडेसलीगा जिंकली. इथे अजून कुणी त्यांचं नावही घेतलं नाही.

नागपूरकर

ताई, प्रतिसाद फार आवडला. मी पोरांना शिकवतो, धरमपेठेच्या बाजूला. आमच्याकडे आठ वर्षांच्या पोराला पण मोठ्यांच्याच रिंगवर फेकायला लावतात. चेंडू पोहोचत नाही, मग पोरगं कमरेतून वाकून, दोन्ही हातांनी खालून फेकतं, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. २.६० चं गणित तिथे किती वर्षांच्या मुलांपर्यंत चालतं?

पोळी आणि ब्रोट

नागपूरकर दादा, १२ वर्षांखालच्या मुलांपर्यंत. काही हॉलमध्ये बोर्ड हँडल फिरवून खाली-वर होतो, त्यामुळे एकाच कोर्टवर दोन्ही गट खेळतात.

नागपूरकर

हँडलवालं वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येईल. बघतोच. धन्यवाद ताई.

कट्टेकरी

अवांतर: अल्बाने अमेरिकेतल्या एनबीए लीगचा संघ हरवला होता म्हणे, खरं का?

रिबाउंड

खरं! ८ ऑक्टोबर २०१४, बर्लिन. सॅन अँटोनियो स्पर्स, त्या वर्षीचे एनबीए विजेते. अल्बा ९४-९३. शेवटच्या क्षणी जमेल मॅक्लीनचा बास्केट आणि भोंगा वाजला. मैत्रीपूर्ण सामना होता हे मान्य, पण तो बास्केट किती वेळा बघितला असेन ते विचारू नका. बाकावर ओब्रादोविच, ज्यांच्याबद्दल काकांनी वर लिहिलंय.

दक्षिणायन

म्युनिककडून एक प्रतिसाद हवाच. बायर्न म्हटलं की सगळ्यांना फुटबॉल आठवतो, पण बास्केटबॉलमध्येही आम्ही १९५४ आणि १९५५ चे विजेते. मग जवळजवळ साठ वर्षांचा दुष्काळ. तो २०१४ मध्ये संपला, अंतिम फेरीत अल्बाला हरवून. आणि आमचा प्रशिक्षक कोण? श्वेतिस्लाव पेशिच! व्यवस्थापनात त्यांचा मुलगा मार्को पेशिच, जो स्वतः अल्बाकडून खेळलेला. बर्लिनमध्ये बापलेकांवर किती राग होता ते तिथल्या लोकांना विचारा. २०१८, २०१९, २०२४, २०२५ ही अजिंक्यपदंही आमच्याकडे. आज पैसा आणि ताकद म्युनिकमध्ये आहे हे मान्य करायला हवं.

स्प्रेकाठी

मान्य. पण २०२०, २१, २२ विसरू नका. २०२० चा शेवट तर तुमच्याच गावात झाला, दहा संघ म्युनिकमध्ये कोंडून घेतले होते, रिकाम्या हॉलमध्ये सामने. अल्बा एकही सामना न हरता विजेता. प्रशिक्षक आइतो गार्सिया रेनेसेस, वय ७३. स्पेनला बीजिंग ऑलिंपिकचं रौप्य मिळवून देणारा माणूस निवृत्तीच्या वयात बर्लिनला आला आणि १७ वर्षांच्या फ्रान्झ वाग्नरला मोठ्यांच्या सामन्यात उतरवलं. मूल चुकलं की आइतो लगेच बाहेर काढत नसत, पुढच्या चेंडूला पुन्हा संधी. माटिसेक, डेलो, श्नायडर हे क्लबच्याच मुलांमधले, तेही त्या संघात होते.

आकडेमोड

मग आता युरोलीग सोडली त्याचं काय? शेवटचे दोन्ही हंगाम अल्बा तळाला होता. २०२५ मध्ये बाहेर पडून फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) चॅम्पियन्स लीगमध्ये गेले. म्हणजे मुलं घडवण्याचं मॉडेल वरच्या पातळीला कमी पडलं असाच अर्थ ना?

रिबाउंड

मला तसं वाटत नाही. युरोलीगचे साखळीत ३४ सामने, बुंडेसलीगाचे जवळपास तितकेच, वर चषक आणि बाद फेरी. मंगळवारी इस्तंबूल, गुरुवारी माद्रिद, रविवारी घरी लीगचा सामना. सराव करायला दिवसच उरत नाही, आणि १९-२० वर्षांचं पोरगं सरावातच वाढतं. त्यातून समोरच्या क्लबांचं बजेट कितीतरी पट. आता तर तिथे २० संघ झाले, साखळीचे ३८ सामने. बाहेर पडणं हा शहाणपणाचा निर्णय. दु:ख झालं, कारण रेआल माद्रिद आणि पानाथिनाइकोस आता बर्लिनला येणार नाहीत.

ऱ्हाइनवरून

इथे मी अल्बाच्या बाजूने. लेव्हरकुसेनकडून शिकण्यासारखं हेच आहे, ऐपतीबाहेर उडी मारू नये.

आणि स्प्रेकाठी, तुम्ही माक्स श्मेलिंग हॉलचं लिहिलंत, पण २००८ नंतरचं घर राहिलं. वार्शाउअर स्ट्रासे स्टेशनजवळचं मोठं अरेना, आज त्याला उबर अरेना म्हणतात, साडेचौदा हजार प्रेक्षक बसतात. बाहेर पडलं की समोरच ईस्ट साइड गॅलरी, भिंतीचा उभा राहिलेला सगळ्यात लांब तुकडा. तुमच्या भूगोलाच्या मुद्द्याला पूरक.

कोकणकडा

सगळं वाचलं. एक प्रश्न राहतोच: एनबीए गाजवलेला डिर्क नोवित्स्की कुठे आहे यात? जर्मन बास्केटबॉल म्हटलं की जगाला पहिलं तेच नाव आठवतं. वुर्झबुर्गचा पोरगा, होल्गर गेश्विंडनर नावाच्या माणसाने एका जिममध्ये वेगळ्याच पद्धतीने घडवलेला. ना अल्बा, ना लेव्हरकुसेन, ना सहा जर्मनांचा नियम. त्याला बघूनच श्रोडर आणि वाग्नरची पिढी चेंडूला लागली. मग घर वुर्झबुर्ग का नाही?

जुना सेंटर

कोकणकडा, नोवित्स्की सगळ्या मोजमापांच्या बाहेरचा. पण एक लक्षात घ्या, नोवित्स्की असताना जर्मनीने २००२ मध्ये विश्वचषकाचं कांस्य आणि २००५ मध्ये युरोपचं रौप्य मिळवलं, सुवर्ण नाही. सुवर्ण आलं ते श्रोडरबरोबर मैदानात आणखी चार-पाच जण एनबीए आणि युरोलीगच्या तोडीचे आले तेव्हा. २०२५ मध्ये रीगाला तुर्कस्तानला ८८-८३ ने हरवून युरोपचं दुसरं अजिंक्यपद घेतलं तेही तसंच. एक माणूस स्वप्न दाखवतो, पण बारा माणसं तयार करायला क्लब लागतात.

स्प्रेकाठी

काकांशी सहमत. आकडेमोड यांचा नियमाचा मुद्दा आणि माझा क्लबचा मुद्दा इथे जवळ येतात असं वाटतं. नियमाने जागा ठेवली, त्या जागेवर बसायला मुलं अल्बाने बालवाडीपासून शोधली. २०२३ च्या संघात योहानेस थीमान तर थेट अल्बातूनच गेला होता. आणि त्या संघाचे प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट, तेही कधीकाळी एक हंगाम अल्बाला होते. मी 'अल्बा' म्हणण्यावर ठाम आहे, लेव्हरकुसेनचे १४ आणि वेल्पचा फ्री थ्रो मान्य करून.

पोळी आणि ब्रोट, महिला संघावर तुम्हीच स्वतंत्र धागा काढा, तिथल्या हॉलमध्ये तुम्ही जाता. कोकणकडा, वुर्झबुर्ग आणि गेश्विंडनरवर तुम्ही लिहा, तो विषय इथे प्रतिसादात मावणार नाही.

पोळी आणि ब्रोट

काढते. या आठवड्यात लेकीचे सामने आहेत, ते झाले की लिहिते. त्यांचा घरचा हॉल शार्लोटेनबुर्गचा झ्योमरिंगहाले, म्हणजे जिथून पुरुषांचा क्लब निघाला तिथलाच. तिकीट स्वस्त, बाकावरून खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं. बर्लिनला कुणी येणार असेल तर कळवा, बरोबर जाऊ.